यजमानपदाची फाइल

फाइल मीच बांधली.
पिवळी नाडी, एकशे बारा पानं, तीन प्रती.
अखिल भारतीय आंतरविद्यापीठ बास्केटबॉल, मुली.
अर्जदार शहरं: राजकोट, इंदूर, रायपूर, आम्ही.

पान चार, शहराची बलस्थानं.
लांजेवार सर म्हणाले, लिहा, देशाचा मध्य.
कुठूनही या, अंतर सारखंच.
लिहिलं मी. मग पेन जरा अडलं,
कारण सगळ्यांपासून सारखंच अंतर
म्हणजे जवळ कोणाच्याच नाही.
पण रकाना तेवढा मोठा नव्हता.

इंदूरनं म्हणे लाकडी फ्लोअर दिलाय,
रायपूरनं एसी बस, दर संघाला एक फिजिओ.
आम्ही दिली
सिमेंटची दोन कोर्टं, वसतिगृहाच्या चाळीस खोल्या,
गरम पाणी सकाळी सहा ते साडेसात,
आणि डिसेंबरातली संत्री, माणशी दोन.
"चार करा," सर म्हणाले,
जणू सामना तिथेच फिरणार होता.

समिती यायच्या आदल्या रात्री
बळीराम गजभियेनं रेघा मारल्या,
हॅलोजनखाली, गुडघ्यांवर, एकट्यानं.
फ्री थ्रोची रेघ पुसून पुन्हा मारली.
काहून बा, म्हटलं.
"मॅडम, बाकीच्या रेघांवर दहाजणी धावतेत.
इथं पोरगी एकटीच उभी राह्यते.
तिची वाकडी नको."

समिती तिघांची.
त्यांनी टेपनं रिंगची उंची घेतली,
संडासातले नळ सोडून पाहिले,
एकानं चेंडू आपटला, एकदाच,
आणि ऐकत राहिला,
डॉक्टर पाठीवर बोटं वाजवून ऐकतात तसा.
आम्ही सावजी ठरवलं होतं.
त्यांना दहीभात हवा होता.

निर्णय गुरुवारी आला. दोन ओळी.
इंदूर.
नागपूर: राखीव केंद्र.

राखीव म्हणजे, तिथे छत गळलं,
साथ आली, काही बरंवाईट झालं,
तर आम्ही.
"देव करो आणि तसं न होवो," सर म्हणाले.
फाइल कपाटात ठेवली, किल्ली फिरवली,
आणि दारातून वळून,
"संत्र्यांचा भाव मात्र विचारून ठेवा."

संध्याकाळी रंगाच्या बिलावर सही हवी होती,
म्हणून कोर्टावर गेले.
जाळ्या अजून पांढऱ्या होत्या.
इतकी वर्षं नुसत्या रिंगा,
गेला की नाही गेला यावर पोरींची भांडणं.
आता जाळी सांगत होती.
पाचपावलीची ऋतुजा धकाते,
दादाचे बूट, पुढे कापूस कोंबलेले,
फ्री थ्रोला उभी. तीनदा चेंडू आपटला. श्वास.

बळीराम पाण्याच्या टाकीला टेकून होता.
चेंडू गेला की नाही, त्यानं पाहिलंच नाही.
तो तिच्या बुटाकडे बघत होता.
रेघेच्या मागे, बोटभर.