ओली

दुसरीच्या वर्गात, सातच्या पाढ्यावर,
सात पाचा पस्तीसला ती थांबली
आणि फरशीवरून एक ओघळ
माझ्या दप्तरापर्यंत आला.
दप्तर उचलत मी म्हटलं, "ओली."
एवढंच.
मला तेव्हा धड जोडाक्षर येत नव्हतं,
पण नाव ठेवता आलं.

मग ते गावभर झालं
गाजरगवतासारखं, कोणी न पेरता.
आचल कुमरे फक्त हजेरीत उरली.
मे महिन्यात पोट्टे म्हणत,
"टँकर कायले पाह्यजे बे? आपल्याजवळ ओली हाय ना."
तिची मायसुद्धा एकदा चुकून
त्याच नावानं हाक मारून गेली
आणि मग बराच वेळ
घासलेलीच भांडी घासत बसली.

नववीत, दिवाळीनंतर,
रफीक भंगारवाल्याच्या ठेल्यावर
नागपूरहून चार चाकांची एक फळी आली,
एका टोकाला तडकलेली.
अडीच किलो रद्दी अन् एक फुटका कुकर
देऊन ती घेतली तिनं.

बंद जिनिंगच्या आवारातलं सिमेंट अजून गुळगुळीत आहे,
कोपऱ्यांत तेवढी काळपट रुई.
मोबाईल माझा होता, म्हणून मीही होतो.
त्यात कुठला तरी परदेशी पोट्टा
हातवारे करून सांगत होता:
मागचा पाय ठोकायचा, पुढचा घासत वर न्यायचा,
हात लावायचा नाही,
फळी आपोआप येते पायामागं.
याला म्हणतात ऑली.

"काय म्हणला तो? पुन्हा लाव."
अकरा वेळा लावलं.
मी स्क्रीनवरून नजर काढली नाही.

गुडघ्यांना हळद, कोपराला खपली,
चपलेचा अंगठा तीनदा शिवला.
संक्रांतीच्या आसपास एका संध्याकाळी
वजनकाट्याच्या लोखंडी कडेवरून
ती उडाली.
फार नाही, वीतभर.
पण मी खाली वाकलेलोच होतो, सुटलेला बोल्ट शोधत,
आणि फळीखालच्या त्या वीतभर हवेतून
मला पलीकडचं तुरीचं वावर दिसलं.

आता भिंतीवर बसलेली चिल्लीपिल्ली ओरडतात,
"ओली! ओली मार ना वं ताई!"
आणि ती मारते.

परवा मी म्हटलं, "आचल."
आठ वर्षांत पहिल्यांदा.
तिनं वळून पाहिलं नाही.
तिला वाटलं असेल,
मागं दुसरी कोणी उभी आहे.