समासातला आकडा

उर्वी गावस विचारते,
हुर्राकाच्या वाफेचे आकडे कुठे मिळतील?
मला रसायन कळत नाही. क्रमांक कळतो:
सहाशे साठ दशांश दोन आठ चार दोन पाच.
ऊर्ध्वपातन. खालून दुसरा कप्पा, खिडकीपाशी,
जिथे फर्मागुडीच्या चढावर बस गियर बदलते.

पहिल्या पुस्तकात अल्कोहोल आणि पाणी.
दुसऱ्यातही तेच.
तिसऱ्यात बेंझीन.
बोंडूचा रस कुणी उकळलेलाच नाही.
"नेटवर एक लेख आहे मॅडम,
चाळीस डॉलर मागतात."

थांब, म्हटलं.
लेखाच्या शेवटी बारीक अक्षरांत
त्याचे सोयरे दिलेले असतात,
ते फुकट वाचता येतात.
एकेकाचं दार वाजवायचं.

चौथ्या सोयऱ्याने आम्हाला
आमच्याच तळघरात आणून सोडलं,
वाळवीच्या औषधाच्या वासात.
टंकलिखित प्रबंध, एकोणीसशे चौऱ्याऐंशी.
पान एकसष्ट. चौदा नोंदी.
अकरावीवर पेन्सिलीची काट,
बाजूला दुसरा आकडा,
आणि तिरकं, घाईचं:
चूक. भाटीवर जाऊन परत मोजलं.
सही नाही.

ती बराच वेळ त्यावर बोट ठेवून होती.
"पेन्सिलीचा संदर्भ कसा देतात?"
बावीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.
"मार्चात आमची भाटी पेटते, सत्तरीत.
थर्मामीटर मिळेल?"
लायब्ररी थर्मामीटर देत नाही.

प्रबंधही बाहेर देत नाही खरं तर.
नोंदवहीत मी तिचं नाव लिहिलं,
परतीची तारीख
एप्रिलातली टाकली.