डब्ल्यू म्हणजे हिवाळा

सावकाश वळताना मागून कण्हायची गाडी,
पोस्टाच्या कोपऱ्यावर, शाळेच्या फाटकापाशी.
सरळ रस्त्याला मात्र गप्प. फारच गप्प.
"एवढी जुनी युट, आणि एवढी शांत?"
झ्देन्का म्हणाली, "मला नाही आवडत हे."

टेकडी पोखरून केलेलं तिचं गॅरेज.
बाहेर पंचेचाळीस, आत जेमतेम पंचवीस,
भिंतीवर अजून खोदयंत्राच्या दातांचे माग.

गियर ऑइलवर गावात ज्याला त्याला मत.
स्तावरोस दुकानाच्या पायरीवरून ओरडलेला,
"वाळवंट आहे हे! दाट घाल, मधासारखं, एकशेचाळीस!"
पंपावरचा पोरगा म्हणे पातळ घाल, पेट्रोल वाचतं.
झ्देन्काने गाडीचं पुस्तक काढलं,
तेलकट बोटांनी पानं आरपार दिसायला लागलेली:
ऐंशी डब्ल्यू नव्वद,
आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांत,
मागच्या क्लचसाठी वेगळं औषध, तेलात मिसळायचं.

"डब्ल्यू कशाचा?"
"विंटरचा. हिवाळ्याचा."
मी हसले.
"जुलैत पहाटे चारला बिळातून बाहेर ये,
मग हस."

आधी भरायचं बूच सोडवलं तिने.
"नेहमी आधी हे. वरचं उघडतंय की नाही न बघता
खालचं रितं करणाऱ्यांच्या दोन गाड्या
माझ्या अंगणात उभ्या आहेत."
पान्याला पाइप, पाइपाला सगळं वजन,
एक क्रोएशियन शिवी, आणि बूच सुटलं.

मग खालचं. बूच निघालं, तेल निघेना.
आलं ते लापशीसारखं, गोळ्यागोळ्यांनी.
नासक्या अंड्यांचा वास होता, पण तो गंधकाचा,
तो असायचाच.
तिने चिमटीत चोळलं, दिव्याखाली धरलं.
भुसा.
लाकडाचा बारीक भुसा, ग्रीसमध्ये कालवलेला.
"दातांची घरघर लपवायची जुनी युक्ती.
लोक मूग गिळतात,
हिला भुसा गिळायला लावलाय."

गाडी मी फ्रानेकाकाकडून घेतलेली,
चार हजार रोख, वर त्यानेच दिलेला
एक दुधी ओपल, नखाएवढा.
बाप्तिस्म्याला मला हातांवर धरणारा माणूस!
मी फोन उचलला.
"थांब," झ्देन्का म्हणाली, "आधी बाहेर बघ."

बाहेर ढिगारे. पांढरे, गुलाबी, पुन्हा पांढरे,
क्षितिजाला टेकेपर्यंत उकरलेली माती.
"एक तरी झाड दिसतंय?
भुसा आणेल कुठून तो?
ही गिळून आली आहे लांबून,
पोर्ट ऑगस्टाहून, नाहीतर त्याच्याही पलीकडून."

आणि तेव्हा कुठे आठवलं मला,
बत्तीस वर्षं सुरुंग उडवलेल्या फ्रानेच्या घरात
दाराची घंटा वाजत नाही,
दिवा लागतो.

फोन ठेवला.
आतलं सगळं तीनदा धुतलं, चिंधीने पुसलं,
बुचाच्या चुंबकावरची काळी लव काढली.
नवं तेल पिचकारीने भरत राहिलो
ते भोकातून केसाएवढी धार उलटी येईपर्यंत.
मग मोकळ्या मैदानात आठाचे आकडे,
सावकाश, दहा-बारा, औषध मुरेस्तोवर.

कण्हणं थांबलं.
पण हमरस्त्यावर ऐंशीला काटा गेला
आणि मागून बारीक सूर निघाला,
दूर कुठे किटली ठेवल्यासारखा.
"तेल बरोबर आहे," झ्देन्का म्हणाली,
"हे गाडीचं वय ऐकू येतंय.
पैसे जमव. दोन-तीन उन्हाळे काढेल."

रविवारी काकाला फिरवून आणलं.
"कुठलं घातलंस?"
"ऐंशी! नव्वद!"
"ऐंशी-नव्वद? बरंच स्वस्तात झालं."
मी मान डोलावली. आणखी किती ओरडणार.

गावाबाहेर आल्यावर तो वाकला,
सीटमागच्या पत्र्यावर पंजा टेकवला,
बराच वेळ तसाच, डॉक्टरसारखा.
"बोलते की ही," म्हणाला.
"घेतली तेव्हापासून मुकी.
मला वाटायचं,
माझेच कान."