बेताची ओल

कलामाला पाऊस ठाऊक नाही.
तांब्याच्या खाणीतला एलेउतेरिओ
तिसऱ्यांदा निखळलेली टोपी घेऊन आला,
काडेपेटीत, कापसावर.

आधीच्या डॉक्टरनं हवा मारमारून
दात खडखडीत वाळवला होता.
स्वच्छ म्हणजे कोरडं, असं
त्यालाही कुणी शिकवलं असेल.

रायेनबाई दक्षिणेच्या, वाल्दिव्हियाच्या, ओल्या मुलखातल्या.
मी नळी पुढे केली, तर म्हणाल्या, ठेव ती.
दातात बारीक तंतूंचं जाळं असतं,
वाळलं की चापून बसतं, तुडवलेल्या गवतासारखं.
मग सिमेंट आत शिरत नाही,
उंबऱ्यावरच ताटकळतं.
आणि पाणी साचलं तर
धरतच नाही.

कापसाचा बोळा टेकवला. उचलला.
पुन्हा टेकवला.
दिव्याखाली दात नुसता लकाकला.
ओला म्हणवेना, सुका म्हणवेना.
"आता."
मी काचेवर घोटायला घेतलं.

चाव. अजून. सोडू नकोस.

पाच मिनिटांनी तोंड मोकळं झालं तेव्हा म्हणाला,
बाई, या गावात ओल उरलीय
ती एवढ्या तोंडापुरतीच.

काचेवरचा उरलेला थेंब
तोवर दगड झाला होता.
खिडकीतून पाहिलं:
पायरी उतरताना त्यानं
ओठ घट्ट मिटले.
वाऱ्यात धूळ होती.