डावखुरा पीळ

लिलावातून आला तेव्हा त्याच्या दारावरचा आकडा
कुणीतरी घाईत खरवडून काढला होता,
तरी साताचा पाय राहिला होता शिल्लक.
उंबरजेअण्णांना त्याच्यावर बोअरची मशीन बसवायची होती.
ट्रक मात्र अक्कलकोट रोडवर बरोब्बर अकरा मिनिटं चालायचा
आणि बसायचा.
बंद पडायचा नाही, बसायचा. उंटासारखा, आधी पुढून.
थोडं थांबलं की पुन्हा सुरू,
जसं काही झालंच नाही.

मे महिना. पान्याला हात लावला की चटका.
नदाफ उस्ताद बॉनेटखाली डोकं घालून म्हणाले,
"बोलू नको बे. ऐक."
मला नुसती धडधड ऐकू यायची.
त्यांना कळायचं, कुठला सिलिंडर उपाशी आहे ते.

पहिल्या दिवशी फिल्टर बदलले, दोन्ही.
अकरा मिनिटं.
बँजो बोल्टाखालचे तांब्याचे वॉशर गॅसवर लाल करून
पाण्यात टाकले, मऊ झाले, पुन्हा बसवले.
अकरा मिनिटं.
फीड पंप उघडला. आतली स्प्रिंग
यंत्रमागावरच्या माझ्या वडिलांपेक्षा जास्त वर्षं ड्युटीवर,
आणि अजून सरळ.

मग उस्तादांनी सिव्हिलसमोरच्या औषधाच्या दुकानातून
सलाइनची नळी मागवली, लाइनमध्ये मध्येच जोडली,
आणि आम्ही दोघं तिच्यासमोर उकिडवे,
पेशंटचे नातेवाईक बसतात तसे.
एकही बुडबुडा नाही.
डिझेल पिवळं, शांत, येत राहिलं, येत राहिलं,
बारीक झालं,
थांबलं.

"हवा नाही," उस्ताद म्हणाले. "गळा दाबतंय कुणीतरी."

अण्णा रोज संध्याकाळी यायचे, बुलेटवरून न उतरता विचारायचे,
"काय म्हणतोय मिल्ट्रीवाला?"
"बोलतोय की. अजून मराठी शिकला नाही."

चौथ्या दिवशी पाच लिटरचा कॅन बॉनेटला टांगला,
टाकीला वगळून त्यावर चालवला.
अकरा मिनिटं गेली. बावीस गेली.
अर्ध्या तासाने उस्तादांनी
रस्त्यापलीकडे जाऊन बिडी पेटवली.

टाकीवरच्या गेजचे सहा स्क्रू. पाच निघाले,
सहावा छिन्नीने.
माझा हात बारीक, म्हणून मी.
काखेपर्यंत आत, गाल तापल्या पत्र्यावर,
बोटं तळाशी चाचपडत.
पाइपाच्या टोकाला काहीतरी मऊ लागलं.
मी दचकून हात ओढला.
उस्ताद हसले नाहीत.

कापड होतं. तारेने बांधलेलं, अर्धं सुटलेलं.
इंजिन ओढायला लागलं की
सुटला पदर सरकत सरकत तोंडावर यायचा,
इंजिन बसलं की गळून पडायचा.
सूत ओळखणं माझ्या घरचं काम:
ड्रिल, दोन पदरी, कडेला काजाची शिलाई.
खिशाचं झाकण असावं, गणवेशाच्या.

तार उस्तादांनी वाचली.
कुठेतरी डिझेलमध्ये माती आली असणार,
जाळी मिळाली नसणार,
मागे गाड्या उभ्या असणार, अंधारात, दिवे न लावता.
त्यांनी नखाने तार थोडी उलगडली. थांबले.
"पीळ बघ. उलटा.
डावखुरा होता."

नावबिव काही नाही.
कापड फेकलं नाही, जपूनही ठेवलं नाही;
धुऊन वाळत टाकलं, दुसऱ्या दिवशी त्यालाच हात पुसले.
पितळी जाळी आणली, चाळीस रुपयांची.
"तू बांध, बत्तुल."

मी सवयीने उजवीकडे पीळ दिला.
मग सोडला.
पक्कड डाव्या हातात घेतली.
तीनदा निसटली.
उस्ताद बघत राहिले, घाई कर म्हणाले नाहीत,
आणि रस्त्यावर लांबून
अण्णांच्या बुलेटचा आवाज येत होता.