वहीचा उजवा रकाना

बुधवारी संध्याकाळी सहाला
वाचनालयाच्या तळघरात सात खुर्च्या, एक थर्मास
आणि तागे सुंदेलिनची चौकटीची वही.
डावीकडे इंग्रजी, उजवीकडे स्वीडिश,
मधोमध पट्टीने मारलेली रेघ.
इतकी सरळ रेघ त्याने
शहात्तराव्या वर्षी पहिल्यांदाच मारली असावी.
ओंगेरमान नदीवर ओंडके वाहून नेताना
सरळ असं काही लागलं नव्हतं.

नॉलेज म्हणजे कुन्स्काप.
सायन्स, वेतेन्स्काप.
होमवर्क, लेक्सा. हसला. हा शब्द त्याला
छडीसकट आठवत होता.
लर्न म्हणजे लॅरा.
टीच? तेही लॅराच.
"म्हणजे शिकणारा आणि शिकवणारा एकाच घरात?"
असं विचारलं त्याने, जणू ही भाषा
त्याच्या आईची नव्हे, नदीपलीकडच्या कुणाची.
मॅरितबाई म्हणाल्या, "पहिल्यापासून तिथेच आहेत.
तुम्ही दार आज ठोठावलंत."
मी या ओळी ज्या भाषेत लिहितो आहे
तिथे दोघांच्या मध्ये एक व उभा असतो,
कुंपणाच्या खांबासारखा.

मग आला नो.
एवढासा शब्द, आणि उजवा रकाना पुरेना.
वेता, म्हणजे माहीत असणं:
नदीची लांबी, पुराचं साल, फळीचा भाव.
कुन्ना, म्हणजे येणं:
विणायला येणं, शीळ घालायला येणं,
फिरत्या ओंडक्यावर उभं राहता येणं.
शेन्ना, म्हणजे ओळख असणं.
आणि थंडी वाजते, पाय दुखतो,
तेव्हाही शेन्नाच.
तागेने तिन्ही लिहिले, बारीक, एकाखाली एक,
चौकटी ओलांडून.
"यातला नातवाशी बोलताना कोणता?"
"इंग्रजीत एकच आहे, तागे. तुम्हाला निवडावं लागणार नाही."
त्याला हे बरं वाटलं नाही.

रविवारी लीड्सहून फिन्ले पडद्यावर आला,
नऊ वर्षांचा, हातात शाळेचा कागद,
त्यावर नदीबद्दलचे बारा प्रश्न.
चौथा प्रश्न:
आजोबा, डू यू नो द रिव्हर?

तागेने खुर्ची मागे सरकवली.
लांबी माहीत होती. कोणत्या वळणावर
ओंडके अडतात, तेही.
नदीवर चालायला येत होतं, आकडा हातात घेऊन,
बूट ओले न करता. पोहायला मात्र
येत नव्हतं. त्यांच्या टोळीत कुणालाच येत नव्हतं.
एवाल्डलाही नाही.
मे महिना, वितळलेल्या बर्फाचं पाणी,
भावाची टोपी तेवढी वर आली
आणि शांतपणे, आपली वाट माहीत असल्यासारखी,
सॉमिलकडे निघून गेली.
जुन्या माणसांनी सांगितलं होतं,
नदी पाठ हवी,
नदीकडे पाठ नको.
एवाल्ड मागे वळून हाक मारत होता.
हाक तागेला होती.

"येस," तागे म्हणाला.
"कूल," फिन्ले म्हणाला, आणि खूण केली
चौथ्या चौकटीत.

पुढच्या बुधवारी तो लवकर आला.
खोडरबर घेतलं,
आणि मधली सरळ रेघ
नो या शब्दाच्या ओळीपुरती पुसून टाकली.
कागद थोडा फाटला.
मॅरितबाईंनी पाहिलं, काही बोलल्या नाहीत,
थर्मासचं झाकण फिरवत राहिल्या.
मग म्हणाल्या, पुढचा शब्द, फर्गेट.
ग्लोम्मा, तागेने लिहिलं.
इथे एकासमोर एकच,
आणि उजवीकडे
जागाच जागा.