पातळी

फ्रीजमध्ये ताकाच्या बाटलीशेजारी
सात कॅसेट्स. आठवडाभराचा वीबे.

आधी गोळ्या होत्या. दिवसातून सहादा गजर.
गोळी पोटात, आणि हा स्वयंपाकघराच्या दारात,
पाय कुणी फरशीला शिवून टाकल्यासारखे.
सूप गार व्हायचं, मी तापवायचे, परत गार.
मग एकदम भरती.
हात, मान, खांदे, सगळं सुटलेलं.
माझ्या आईचे निळे कप, तीन गेले त्यात.
चौथा मी वरच्या फळीवर ठेवला
आणि लगेच खाली काढला.
त्यानं पाहिलं होतं.

चौतीस वर्षं पंपघरात काढली यानं, पाणी उपसत.
आमची शेतं समुद्राहून खाली;
बांधापलीकडून जहाज जातं ते मेंढ्यांच्या डोक्यावरून.
रात्री उठायचा, टॉर्च घेऊन
कालव्यातली मोजपट्टी बघून यायचा.
दोन बोटं वर. दोन बोटं खाली.
म्हणायचा, बादल्यांनी पातळी राखता येत नाही.
थोडं थोडं, आणि थांबायचं नाही.

ख्रोनिंगनच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
पोटाला एक छिद्र पाडावं लागेल.
मी खुर्चीचा हात घट्ट धरला.
हा विचारत होता:
नळीचा व्यास किती? तासाला किती मिली? बॅटरी संपली तर?

आता कमरेला पट्टा, पट्ट्यात पंप,
आतड्यात थेट उतरणारं औषध,
पातळ कस्टर्डसारखं, पिवळट.
त्याला लांबलचक नाव आहे.
आम्ही नुसतं ‘पाणी’ म्हणतो.

सगळं मिटलं असं नाही.
रात्री पंप काढला की त्याचं पुन्हा लाकूड होतं;
कूस मी वळवते, चादर ओढून.
मंगळवारी नळीला पीळ पडला. पंप चिरकायला लागला.
मला काही सुचेना, आणि हा,
जेमतेम ओठ हलत असलेला,
नव्या पोराला कामावर शिकवावं तशा आवाजात:
आधी बंद कर. आता बघ, कुठं मुडपलीय?
घाई नको. पाणी वाट बघतं.

पाणी वाट बघत नाही,
हे यानंच मला सांगितलं होतं,
लग्नाच्या पहिल्या वर्षी, भिजलेल्या बुटांनी.

आज अकराच्या सुमारास
तो दारातून आत आला, न अडखळता.
मी बटाटे सोलत होते, वर पाहिलं नाही;
पाहिलं की त्याचा हात बिचकतो.
कपाट उघडल्याचा आवाज. कॉफी ओतल्याचा.
मग थांबल्याचा.
तेव्हा पाहिलं.
निळा कप,
काठापासून दोन बोटं खाली.